म्हातारपण कोणाच्या वाट्याला? — डॉ. सुखदेव थोरात यांच्या संशोधनाच्या वाटेने एक अभ्यास

आपल्या समाजात अर्थशास्त्रज्ञ म्हटले की डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव प्रथम घेतले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांनी घालून दिलेल्या वाटेवर पुढे कोण चालले, त्यांनी कोणते प्रश्न हाती घेतले, याची माहिती आपल्या विद्यार्थ्यांना बेताचीच असते. डॉ. सुखदेव थोरात यांचे नाव विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष म्हणून पुष्कळांनी ऐकलेले आहे. ते पद मोठे खरे. पण पदाच्या आधी आणि नंतर त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जे मोजण्याचे काम केले, ते माझ्या मते पदापेक्षा मोठे आहे. त्यातही आरोग्य आणि वार्धक्य यांच्याशी संबंधित जो भाग आहे, त्याची ओळख करून देणे एवढाच या लेखाचा हेतू. मी स्वतः अर्थशास्त्राचा पदवीधर नाही. मराठी व इतिहास घेऊन बी. ए. झालो आणि बँकेत लागलो. आकड्यांशी संबंध आला तो खातेवहीच्या निमित्ताने. तेव्हा अवघड गणित टाळून, कारकुनाला कळेल अशाच पद्धतीने हा विषय मांडणार आहे.

थोरात मूळचे अमरावती जिल्ह्यातील नायगावचे. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील मिलिंद महाविद्यालयातून त्यांनी बी. ए. केले. हे महाविद्यालय बाबासाहेबांनी १९४५ साली स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे. तेथील विद्यापीठातून एम. ए. झाल्यावर १९७३ ते १९८० या काळात ते औरंगाबादच्याच वसंतराव नाईक महाविद्यालयात अध्यापक होते. पुढे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात गेले. सुरुवातीचा त्यांचा अभ्यास शेती, प्रादेशिक विकास व ग्रामीण दारिद्र्य यांचा होता. २००३ मध्ये दिल्लीत भारतीय दलित अध्ययन संस्था सुरू झाली, तिचे ते संस्थापक-संचालक. २००६ ते २०११ विद्यापीठ अनुदान आयोग, नंतर भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे अध्यक्षपद, २००८ मध्ये पद्मश्री. चरित्र एवढे पुरे. आपल्याला पाहावयाचे आहे ते त्यांच्या प्रश्नाकडे.

प्रश्न कोठून सुरू झाला

गरीब माणूस मागे राहतो, हे सर्वांना मान्य असते. दलित माणूस मागे का, असे विचारले की उत्तर ठरलेले असते: तो गरीब आहे म्हणून. थोरातांनी विचारलेला प्रश्न याच्या पुढचा आहे. समान शिक्षण, समान पात्रता, समान उत्पन्न असलेली दोन माणसे घेतली आणि त्यांतील एक दलित असला, तर दोघांना सारखेच मिळते काय? मिळत नसेल तर जो फरक उरतो, त्याला गरिबी हे नाव देता येणार नाही. जातीत काम वाटले जात नाही, माणसेच जन्मतः वाटली जातात, हा विचार बाबासाहेबांनी १९३६ मध्येच मांडला होता. त्या विचाराला आजच्या अर्थशास्त्राच्या तराजूत घालून वजन दाखवणे, हे थोरातांच्या पिढीचे काम ठरले.

त्यासाठी केलेला एक प्रयोग आमच्या बँकेच्या धंद्यातील माणसाला फार पटण्यासारखा आहे. ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे थोरात आणि न्यूयॉर्कचे समाजशास्त्रज्ञ पॉल अटेवेल यांनी इंग्रजी वर्तमानपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४८०८ अर्ज पाठवले. शिक्षण, अनुभव जुळते. फरक फक्त नावाचा. एक नाव उच्चवर्णीय वाटणारे, एक दलित, एक मुस्लिम. मुलाखतीचे बोलावणे कोणाला येते ते मोजले. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याचे प्रमाण सुमारे दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश भरले. येथे कोणी कोणाला शिवी दिलेली नाही, दारातून हाकललेले नाही. नुसते पत्र आले नाही. पत्र न येण्याची तक्रार कोणत्या कचेरीत नोंदवावयाची?

दुसरा मोठा अभ्यास खेड्यांचा. ११ राज्यांतील ५६५ गावांत अस्पृश्यता कोणकोणत्या रूपांत शिल्लक आहे याची पाहणी झाली आणि ती २००६ मध्ये पुस्तकरूपाने आली. तिच्या पाच लेखकांपैकी थोरात एक. त्यात ३३ टक्के गावांमध्ये आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरी जाण्यास नकार देतात असे आढळले. हा आकडा शाळा, पाणवठा, टपाल यांच्या आकड्यांच्या रांगेत येतो म्हणून घाईत वाचला जातो. पण घराबाहेर पडू न शकणारी म्हातारी बाई डोळ्यांपुढे आणा, म्हणजे त्याचा अर्थ कळेल. तरण्या माणसाला घरी कोणी आले नाही तर तो दवाखान्यात चालत जातो. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी घरी येणारा माणूस हाच दवाखाना असतो.

'बहिष्कृत' या शब्दाचा प्रवास

समाजशास्त्राच्या पुस्तकांत सामाजिक बहिष्करण व समावेशन हे शब्द फ्रान्समधून आले असे लिहिलेले असते. १९७४ मध्ये फ्रेंच सरकारातील समाजकल्याणाचे काम पाहणारे रने लनवार यांनी 'बहिष्कृत' अशा अर्थाच्या शीर्षकाचे पुस्तक लिहिले. समाजाच्या व्यवस्थेबाहेर राहिलेल्यांची जी यादी त्यांनी दिली, तीत अपंग, व्यसनाधीन, एकट्या पालकांची कुटुंबे यांच्याबरोबर पंगू झालेले वृद्धही होते. म्हणजे वार्धक्याचा आणि बहिष्करणाचा संबंध या कल्पनेच्या जन्मापासूनचा आहे. आपल्याकडे मात्र बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली ती १९२४ मध्ये, बरोबर पन्नास वर्षे आधी. आणि १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक निघाले. शब्द आपल्याकडे होता, अनुभव तर होताच. मोजमाप मात्र नव्हते. ही गोष्ट मला अभिमानाची वाटते तितकीच खटकतेही.

अमर्त्य सेन यांनी २००० मध्ये या कल्पनेची चिकित्सा करताना एक उपयुक्त भेद केला. माणसाला बाहेर ठेवणे हा एक प्रकार. आत घेणे, पण हलक्या अटींवर घेणे, हा दुसरा. याला आपण प्रतिकूल समावेश म्हणू. शासकीय कागदावर दुसरा प्रकार दिसतच नाही. लसीकरणाच्या रजिस्टरात नाव आहे, गोळ्या दिल्याची नोंद आहे, म्हणजे सेवा मिळाली. ती कशी मिळाली याचा रकाना नसतो.

हा रकाना तयार करण्याचे काम जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक संघमित्रा आचार्य यांनी केले. पुढे त्या भारतीय दलित अध्ययन संस्थेच्या संचालकही झाल्या. गुजरात व राजस्थानातील निवडक गावांमध्ये दलित मुलांना आरोग्यसेवा मिळताना काय काय घडते, हे त्यांनी बारकाव्याने नोंदवले. तपासताना हात लावला की नाही? औषध हातात दिले की वरून टाकले? किती वेळ दिला? बोलण्याची भाषा कशी होती? आणि हे वागणे डॉक्टरचे, परिचारिकेचे की औषध देणाऱ्याचे? असे प्रत्येक वेळेचे, प्रत्येक माणसाचे वेगळे उत्तर लिहून घेतले. भेदभाव हा एक मोघम शब्द होता, त्याचे त्यांनी सुटे भाग केले. आपल्याकडील कार्यकर्त्यांच्या अहवालांत 'भेदभाव केला जातो' हे एकच वाक्य असते, म्हणून ही पद्धत मुद्दाम सांगितली.

म्हाताऱ्या माणसांची मोजणी

थोरात हे वार्धक्याचे तज्ज्ञ नव्हेत, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. परंतु २०१० मध्ये कॅथरीन न्यूमन यांच्यासह त्यांनी संपादित केलेल्या जातीमुळे अडलेल्या वाटांविषयीच्या इंग्रजी ग्रंथात नोकरी व बाजार यांच्या जोडीला आरोग्यालाही स्थान दिले. त्यात आचार्य यांचा लेख आहे आणि अल्स्टर विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ वाणी कांत बरुआ यांचाही. बरुआ यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ६०व्या फेरीची, म्हणजे जानेवारी ते जून २००४ मधील माहिती घेतली. या फेरीचा विषयच आजारपण, औषधोपचार व वृद्धांची स्थिती असा होता. वृद्ध कोणाबरोबर राहतात, स्वतःच्या खर्चासाठी कोणावर अवलंबून आहेत, अंथरुणाला खिळलेले आहेत की हिंडते-फिरते, स्वतःची तब्येत त्यांना कशी वाटते, असे प्रश्न त्यात होते. बरुआ यांनी तपासले ते असे: वेगवेगळ्या जाती-धर्मांच्या लोकांत मृत्यूसमयीच्या वयात, वृद्धांच्या तब्येतीत आणि आजारी वृद्धाला उपचार मिळण्यात फरक आहे काय? राहणीमानातील फरक बाजूला केला तरी सामाजिक गटाचा परिणाम शिल्लक राहतो, असे त्यांना दिसले.

'बाजूला करणे' म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. समजा, कर्जाच्या शंभर फायली आहेत. प्रत्येकीत पगार, जामीन, जमिनीचा उतारा आहे. नामंजूर झालेल्या अर्जांत एकाच वस्तीचे लोक जास्त दिसतात. लगेच अन्याय म्हणता येणार नाही, कारण त्यांचे पगारच कमी असतील. म्हणून आधी समान पगार व समान जामीन असलेल्या फायली एकत्र लावावयाच्या आणि मग नामंजुरीची तुलना करावयाची. तरीही फरक उरला, तर त्याचा जाब पगाराला विचारून चालणार नाही. संशोधक हेच करतात. फक्त त्यांच्या फायली हजारांनी असतात.

वृद्धांच्या बाबतीत यापेक्षा मोठे काम आपल्या मुंबईतून झाले. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९५६ पासून लोकसंख्येचा अभ्यास करीत आली आहे. तिने हार्वर्ड व दक्षिण कॅलिफोर्निया या अमेरिकेतील विद्यापीठांच्या सहकार्याने वार्धक्याचा दीर्घकालीन पाहणी-अभ्यास हाती घेतला. २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत ४५ वर्षे व त्यापुढील लोक व त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक व्यक्तींना भेटले गेले, त्यांत ६० वर्षांवरील सुमारे ३१ हजार. अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. देशातील साठीच्या पुढील साडेसात कोटी लोकांना कोणता ना कोणता दीर्घकाळचा आजार आहे, असा अंदाज त्यावरून देण्यात आला. यात जात, धर्म, शिक्षण, काम, पेन्शन यांचीही नोंद आहे आणि पुढील फेऱ्यांत त्याच माणसांना पुन्हा भेटावयाचे आहे. एकदा विचारून निघून जाणाऱ्या पाहणीपेक्षा ही गोष्ट वेगळी.

या पाहणीत नुसते प्रश्न विचारले नाहीत. रक्तदाब मोजला, हाताची पकड यंत्राने मोजली, फुप्फुसाची ताकद पाहिली, नजर तपासली, आठवणीत किती शब्द राहतात तेही पाहिले. एवढा खटाटोप कशाला? तर सेन यांनीच २००२ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे, तब्येत कशी आहे हे नुसते विचारले तर उत्तर फसवे येते. केरळात आयुष्य लांब, दवाखाने जास्त, तरी आजारी असल्याचे सांगणारेही तेथेच जास्त. बिहारात आयुष्य कमी, पण आजार सांगणारे थोडे. ज्याने डॉक्टर पाहिलेला नाही, त्याला आपला आजार हा आजार वाटतच नाही. आपल्याकडच्या म्हाताऱ्याला विचारा, "बाबा, तब्येत कशी?" तो म्हणणार, "चांगली हाय की." गुडघे धरलेले, डोळ्यांत मोतीबिंदू, रात्रभर खोकला, तरी चांगली. कारण वाडवडिलांचे म्हातारपण त्याने असेच पाहिलेले असते. उत्तर लिहून घेणाऱ्याने 'चांगली' असे लिहिले, की शासनाच्या दृष्टीने आपली वस्ती निरोगी. पकड मोजण्याचे यंत्र मात्र असे भिडेखातर बोलत नाही.

दुसरी अडचण वयाची. साठीच्या पुढील किती जणांकडे जन्माचा दाखला आहे? शाळेचा दाखला असला तर त्यावरील तारीख बहुधा मास्तरांनी घातलेली, १ जून. जनगणनेच्या वयाच्या तक्त्यांत ६०, ६५, ७० अशा गोल आकड्यांवर माणसांचे ढीग लागलेले दिसतात, मधल्या ६१, ६३ ला ओहोटी. सगळे लोक पाच-पाच वर्षांच्या अंतराने जन्मले असे तर नाही! म्हणून चांगले पाहणीदार घटनांची दिनदर्शिका वापरतात. आपल्या फलटण भागात विचारावयाचे झाले तर कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७) आणि बहात्तरचा दुष्काळ या दोन खुणा जवळजवळ प्रत्येकाला सांगता येतात. भूकंपाच्या वेळी लग्न झाले होते का? दुष्काळात खडी फोडायला गेलात तेव्हा थोरला चालत होता की कडेवर होता? आपल्या वस्त्यांत आणखी एक खूण पक्की आहे. धम्मदीक्षा झाली तेव्हा, म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ ला, आपण जन्मलो होतो की नाही, हे म्हातारी माणसे आईच्या तोंडून ऐकलेले सांगतात. त्या सुमारास जन्मलेली मंडळी आज सत्तरीच्या आसपास आहेत. एवढ्या खुणांवरून वय दोन-तीन वर्षांच्या आत बसते.

१४.६ वर्षे: एक आकडा कसा वाचावा

आता या लेखातील मुख्य गोष्टीकडे येतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेचा अहवाल आला. त्यात भारतीय दलित अध्ययन संस्थेच्या २०१३ च्या अभ्यासाचा आधार देऊन सांगितले होते की, भारतात दलित स्त्री ही उच्चजातीय स्त्रीपेक्षा सरासरी १४.६ वर्षे आधी मरण पावते. सरासरी वय ३९.५ विरुद्ध ५४.१. हा आकडा वर्तमानपत्रांत आला, भाषणांत आला, जयंतीच्या व्यासपीठांवरून आजही ऐकू येतो. आणि बहुतेक वेळा त्याचे भाषांतर 'दलित स्त्रीचे आयुर्मान ३९ वर्षे आहे' असे केले जाते. हे भाषांतर चुकीचे आहे. सरासरी मृत्यूवय आणि आयुर्मान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उदाहरण घेऊ. हे काल्पनिक आहे, गणितापुरते. दोन वस्त्या. दोन्हींत जन्मलेल्या दर २० बालकांपैकी एक दगावते आणि बाकीचे सर्व बरोबर ७० वर्षे जगतात. म्हणजे मरणाचा धोका दोन्हीकडे अगदी सारखा. पहिल्या वस्तीत वर्षात २० जन्म झाले, एक बालक गेले आणि ९ म्हातारे गेले. मृत्यू १०, त्यांच्या वयांची बेरीज ६३०, सरासरी ६३. दुसऱ्या वस्तीत तरुण जोडपी जास्त, जन्म ६०, तीन बालके गेली, म्हातारे तेवढेच ९ गेले. मृत्यू १२, बेरीज पुन्हा ६३०, सरासरी ५२.५. धोका सारखा असूनही सरासरी साडेदहा वर्षांनी घसरली, ती केवळ लेकरांची संख्या जास्त म्हणून. आयुर्मानाच्या हिशेबात ही गोष्ट शिरत नाही. तेथे प्रत्येक वयातील मरणाचे प्रमाण वेगळे काढून मग साखळी जोडतात.

तेव्हा १४.६ या आकड्यात दोन गोष्टी एकत्र मिसळलेल्या आहेत. दलित वस्तीत मृत्यूचे प्रमाण खरोखरच जास्त आहे, ही एक. आणि तेथील लोकसंख्येत मुले व तरुण यांचा वाटा जास्त आहे, ही दुसरी. कोणी म्हणेल, असले बारकावे काढून आपण आपलाच मुद्दा कशाला दुबळा करावा? मला उलट वाटते. व्यासपीठावर ३९ म्हणून सांगितले आणि समोर ८० वर्षांच्या चार आज्या बसलेल्या असल्या, तर ऐकणारा विद्यार्थी आकड्यावरचा विश्वास गमावून बसतो. आणि विरोधकाने चूक दाखवली की खरा फरकही त्या चुकीबरोबर वाहून जातो.

मग खरा फरक किती? शासनाच्या नियमित आयुर्मान तक्त्यांत राज्य, ग्रामीण-शहरी, स्त्री-पुरुष असे भाग असतात, जातीचा नसतो. ही उणीव भरून काढणारा एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. संगीता व्यास, पायल हाथी आणि आशिष गुप्ता यांनी उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, ओडिशा आदी नऊ राज्यांतील २०१०-११ च्या वार्षिक आरोग्य पाहणीतून सुमारे दोन कोटी लोकांची माहिती घेऊन रीतसर आयुर्मान काढले. उच्चजातीय हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचे आयुर्मान चार वर्षांहून अधिक, दलितांचे तीन वर्षांहून अधिक आणि मुस्लिमांचे सुमारे एक वर्षाने कमी निघाले. आर्थिक स्थितीतील फरक बाजूला केला तेव्हा या तफावतीचा निम्म्याहून कमी भाग त्यातून उलगडला. महाराष्ट्र या नऊ राज्यांत नाही, हे लक्षात ठेवावे.

चौदाच्या जागी तीन आले म्हणून कोणी हायसे वाटून घेऊ नये. संपूर्ण लोकसमूहाचे आयुर्मान तीन वर्षांनी कमी असणे ही फार मोठी गोष्ट आहे. आणि यातील निम्मा भाग पैशानेही भरून निघत नाही, ही त्याहून मोठी. नोकरी लागली, घर बांधले, मुले इंग्रजी शाळेत गेली, तरी तफावतीचा एक हिस्सा मागे उरतो. तो नेमका कशात आहे? मानहानीच्या सततच्या ताणात, दवाखान्यातल्या वागणुकीत, वस्तीच्या गटारात की लहानपणीच्या उपासमारीत? हे अजून पुरते उलगडलेले नाही. इंग्लंडमध्ये १९६७ पासून सरकारी नोकरांचा अभ्यास झाला, त्याची येथे आठवण होते. त्यात सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांचे मृत्यूचे प्रमाण वरिष्ठांच्या सुमारे तिप्पट भरले. सगळ्यांना पक्की नोकरी आणि सगळ्यांना सरकारी आरोग्यसेवा. तरीही साहेब, कारकून आणि शिपाई अशी मरणाची उतरंड लागली. मायकेल मार्मट यांनी आपले आयुष्य याच उतरंडीच्या अभ्यासाला दिले.

काउंटरवरून

पुस्तकांतील ही चर्चा वाचताना मला आमच्या शाखेतील पेन्शनची रांग आठवते. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना ही ६५ वर्षांवरील निराधारांसाठी, तिची रक्कम २०२३ मध्ये दरमहा १५०० रुपये झाली. त्या रांगेत आणि सेवानिवृत्त कर्मचाऱ्यांच्या रांगेत कोण उभे असते, हे मला सांगावे लागू नये. ज्याने आयुष्यभर ऊस तोडला, गटारे साफ केली, दुसऱ्याच्या शेतात राबले, त्याला भविष्य निर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही. तारुण्यात नोकरीचे पत्र न आल्याचा हिशेब म्हातारपणी या काउंटरवर निघतो. थोरातांचे नोकरीवरचे संशोधन आणि वार्धक्याचे संशोधन वेगळे मानू नये असे मला वाटते, ते यामुळे. आणखी एक बारीक गोष्ट. यंत्रावर अंगठा लावताना कष्टकऱ्यांच्या रेषा उमटत नाहीत. कोयता, फावडे, चुना-सिमेंट यांनी त्या झिजलेल्या असतात. तीन-तीनदा बोट पुसून लावले तरी यंत्र ओळखत नाही आणि मागची रांग ओरडत असते. खाते आहे, रक्कम जमा आहे, नाव यादीत आहे. तरी पैसे घेण्यासाठी दोन खेपा. सेन यांचा प्रतिकूल समावेश मला पुस्तकापेक्षा येथे लवकर कळला.

आपल्यातील कोणा विद्यार्थ्याला हा विषय घ्यावासा वाटला, तर दूर जाण्याची गरज नाही. देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था व तिच्या शेजारचीच १९३६ साली सुरू झालेली टाटा सामाजिक विज्ञान संस्था, पुण्याची १९३० सालची गोखले अर्थशास्त्र संस्था, या सर्व फलटणहून एस. टी.ने गाठता येणाऱ्या. वार्धक्याच्या पाहणीची मूळ माहिती नाव-गाव काढून टाकून संशोधकांना अर्ज केल्यावर मिळते. त्यात महाराष्ट्र आहे, बौद्धही आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख महाराष्ट्रातील. तेव्हा धर्मांतरानंतरच्या पहिल्या पिढीचे म्हातारपण कसे गेले, शिकलेल्या घरातले आणि न शिकलेल्या घरातले वेगळे गेले काय, या प्रश्नाचा अभ्यास करावयाचा तर तो महाराष्ट्रातच करावा लागेल आणि तो मराठी जाणणाऱ्यालाच नीट जमेल. ज्या पिढीला विचारावयाचे, ती दरवर्षी कमी होत आहे.

मोजणीची पुढची संधी जवळ आहे. पुढील जनगणनेत जातीची नोंद घेण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला आणि त्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक ठरवला. म्हणजे वय, धर्म आणि जात हे तिन्ही रकाने एकाच कागदावर येणार. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध धर्म नोंदवूनही अनुसूचित जातीची नोंद करता येते, याबद्दल अजूनही घराघरात गोंधळ आहे. प्रगणक दारात येईल तेव्हा घरातले वडीलधारे माणूस झोपलेले असेल आणि सून अंदाजाने 'लिहा साठ' म्हणेल. त्याआधी एखाद्या रविवारी आजोबा-आजींजवळ बसून भूकंप, दुष्काळ आणि दीक्षा या तीन खुणांवरून त्यांचे वय काढून घराच्या वहीत लिहून ठेवावे. काम अर्ध्या तासाचे आहे.